पोटावरची जेवणाची नळी: एफजे घरी कशी सांभाळायची?

कृष्णाकाठ

घरातल्या कुणाला पोटावरून लहान आतड्यात जेवणाची नळी बसवली असेल, किंवा बसवायचं ठरत असेल, तर त्यांच्यासाठी हा धागा. डिस्चार्जच्या दिवशी सिस्टर सगळं नीट सांगतात, पण बिलाची रांग, औषधांच्या पिशव्या आणि गाडीची वेळ यात लक्ष कुठे असतं? घरी आल्यावर रात्री नळी तुंबली की मग एकेक आठवायला लागतं. आम्हाला जे कळलं ते लिहिते, जाणकारांनी भर घालावी.

आमच्या बाबांना अन्ननलिकेच्या खालच्या भागात कर्करोगाची गाठ आहे. आधी पोळी अडकायची, मग मऊ भात, शेवटी पाणीसुद्धा घोट घोट. वजन भराभर उतरलं. सर्जन म्हणाले, या तब्येतीत केमो आणि रेडिएशन झेपणार नाही, आधी अन्नाची सोय करू. भूल देऊन पोटाच्या डाव्या बाजूला लहान आतड्याच्या वरच्या भागात, म्हणजे जेजुनममध्ये, नळी बसवली. कागदावर 'फीडिंग जेजुनोस्टॉमी' लिहितात, वॉर्डात सगळे नुसतं एफजे म्हणतात.

गावी आल्यावर पहिला प्रश्न हमखास: "पिशवी लावली का?" नाही. शौचाची पिशवी लावतात ते ऑपरेशन वेगळं, त्यात आतड्यातलं बाहेर येतं. इथे फक्त अन्न आत जातं, शौच नेहमीच्याच वाटेने होतं. दुसरा प्रश्न तोंडावर कुणी विचारत नाही, ओसरीवर कुजबुजतात: "नळी लावली म्हणजे आता काही राहिलं नाही." हे बाबांच्या कानावर गेलं आणि त्यांनी नळी काढून टाका म्हणून हट्ट धरला. कृपा करून असं कुणाच्या घरी जाऊन बोलू नका. आमच्याकडे नळी लावली ती उपचार सोसता यावेत म्हणून. महिनाभरात वजन उतरायचं थांबलं आणि रेडिएशन एकही दिवस न चुकता पार पडलं.

रोजचं काम असं. सगळ्यात आधी समजून घ्यायची गोष्ट ही, की एका वेळचं जेवण साठवून ठेवायची सोय जठरात असते, आतड्यात नसते. त्यामुळे पाटाला पाणी सोडतात तसं बेताबेताने सोडायचं. सिरिंजने एकदम २०० मिली ढकललं की बाबांना दरदरून घाम, छातीत धडधड आणि मागोमाग जुलाब. म्हणून फीड, म्हणजे नळीतून द्यायचं पातळ अन्न, सलाइनसारखं थेंबाथेंबाने. आमच्या सेटला २० थेंब म्हणजे १ मिली. मिनिटाला २० थेंब ठेवले की तासाला ६० मिली जातं, ३३ ठेवले की साधारण १००. पण फीड दाट असलं तर थेंबाचा आकार बदलतो आणि हिशेब चुकतो, म्हणून मी थेंबांवर विसंबत नाही. बाटलीला पट्टी चिकटवून दर तासाची खूण केली आहे, तिथपर्यंत उतरलं का एवढंच बघते.

फीड चालू असताना आणि नंतर तासभर डोकं उंच. आम्ही पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घातल्या आहेत, पाठीशी लोड. पायजम्याची नाडी नळीच्या खाली बांधायची, वर नाही.

माझे प्रश्न: नळीच्या तोंडाशी थोडं हिरवट पाणी येतं आणि कातडी लाल झाली आहे, काय करावं? गोळ्या कुटून घातल्या तर चालतात का? उन्हाळ्यात फीड किती वेळ टांगून ठेवावं?

अबोली२२

ताई, छान धागा. मी वॉर्डात सिस्टर आहे, उलट क्रमाने उत्तर देते.

घरी केलेलं फीड चार तासांच्या वर टांगायचं नाही, कडक उन्हाळ्यात त्याहून कमी. एका वेळी थोडंच ओता, बाकीचं झाकून फ्रिजमध्ये. तोंडाने खाल्लेल्या अन्नातले बरेच जंतू जठरातलं आम्ल मारतं. या नळीत तो पहारा नाही, अन्न थेट आतड्यात. त्यामुळे हात, भांडी, गाळणी, सिरिंज सगळं स्वच्छ आणि पाणी उकळून गार केलेलं. सेट आणि बाटली कधी बदलायची ते विचारून ठेवा, फाटेपर्यंत वापरू नका.

गोळ्या: जिथे पातळ औषध मिळतं तिथे तेच मागा. मात्र सिरपमध्ये सॉर्बिटॉल असलं तर त्याने जुलाब होतात, तेव्हा दोष फीडला देऊ नका. कुटायचीच असेल तर एकेक गोळी वेगळी, अगदी वस्त्रगाळ, पाण्यात विरघळवून. दोन गोळ्यांच्या मध्ये पाणी. फीडमध्ये औषध मिसळायचं नाही. दिवसभर हळूहळू सुटणाऱ्या गोळ्या आणि आतड्यातच विरघळाव्यात म्हणून वर लेप दिलेल्या गोळ्या कुटायच्या नाहीत. पाकिटावर 'एसआर', 'ईआर', 'ईसी' असं काही दिसलं की आधी डॉक्टरांना विचारा.

कातडी: जेजुनमच्या रसात पित्त आणि स्वादुपिंडाचा रस असतो, तो कातडी अक्षरशः जाळतो. साध्या साबणाने आणि पाण्याने धुऊन टिपून कोरडं करा, मग झिंक ऑक्साइडच्या मलमाचा थर. हळद, तेल, पावडर, राख काही नको. ओली गॉज तशीच ठेवू नका, बदला. नळीच्या कडेने लालबुंद, सहज रक्त येणारं मांस वाढलेलं दिसलं तर ओपीडीत दाखवा, सिल्व्हर नायट्रेट लावून ते बसवतात. गळती एकदम वाढली तर नळी सरकली आहे का तेही बघायला हवं.

आणि फ्लश! फीडच्या आधी, फीड संपल्यावर, औषधाच्या आधी आणि नंतर, आणि सलग चालू असेल तर दर चार तासांनी २० ते ३० मिली कोमट पाणी. फीड बंद असलं तरीसुद्धा. तुंबलेल्या एफजेंपैकी बहुतेक फ्लश चुकल्यामुळेच तुंबलेल्या असतात.

रानवाटा

तुंबलीच तर? आमच्याकडे शेजाऱ्यांनी कोल्ड्रिंक ओतायला सांगितलं होतं.

अबोली२२

नको. आम्लामुळे दुधातलं प्रथिन आणखी घट्ट होतं आणि गोळा पक्का बसतो. ५० मिलीची सिरिंज घ्या, कोमट पाणी भरा, हलकेच आत ढकला आणि ओढा. दहा-पंधरा मिनिटं पाणी आतच ठेवून पुन्हा करा. छोटी सिरिंज घेऊन जोर लावायचा नाही. सिरिंज जितकी लहान तितका दाब जास्त, त्याने नळी फुटते. तार, सुई, काडी घालायची नाही. तासाभरात मोकळी झाली नाही तर रुग्णालयात जा.

शल्यक

मी जिल्ह्याच्या ठिकाणी शल्यचिकित्सक आहे. अबोलीताईंनी सांगितलेल्याला पूर्ण अनुमोदन. थोडं 'का' सांगतो.

बरेच नातेवाईक विचारतात, जठरातच नळी का नाही? जठरातली नळी सांभाळायला सोपी असते हे खरं. पण अन्ननलिकेच्या कर्करोगात पुढे गाठ काढायची झाली तर बहुतेकदा जठराचीच नळी करून ती वर छातीत किंवा मानेत जोडतात. ते जठर अखंड राहावं म्हणून आम्ही त्याला हात लावत नाही. जठराचं तोंड गाठीने बंद झालं असेल, जठर काढलं असेल, ॲसिडने भाजलं असेल, किंवा स्वादुपिंडाचं मोठं ऑपरेशन असेल, तेव्हाही अडथळ्याच्या पुढे अन्न पोचवायचं असतं. काही आठवड्यांचाच प्रश्न असेल तर नाकातून जेजुनमपर्यंत नळी घालता येते. चार ते सहा आठवड्यांहून जास्त दिसत असेल तर पोटावरून घातलेली बरी.

जेजुनम सुरू होतं तिथून साधारण २० ते ३० सेंटिमीटर पुढे आतड्याला बारीक छिद्र घेतो. नळी आत सरकवून आतड्याच्याच भिंतीचा तिच्यावर काही सेंटिमीटर बोगदा शिवतो, मग आतडं पोटाच्या भिंतीला आतून टाचतो. हा बोगदा जर्मन सर्जन विट्झेल यांनी १८९१ मध्ये जठरातल्या नळीसाठी सांगितला, पुढे आतड्यासाठीही तोच वापरात आला. फ्रान्समध्ये सुर्मे यांनी १८७८ मध्ये जेजुनोस्टॉमी केली होती. तेव्हा ही काही नवी प्रयोगाची गोष्ट नाही.

आता महत्त्वाचं. नळी निसटली तर तो मार्ग काही तासांतच आकसायला लागतो. छिद्रावर स्वच्छ गॉज ठेवा, निघालेली नळी पिशवीत घाला आणि लगेच रुग्णालय गाठा, सकाळची वाट पाहू नका. घरी स्वतः परत घालू नका. पहिल्या काही आठवड्यांत मार्ग पक्का झालेला नसतो. नळी आतड्याऐवजी पोटाच्या पोकळीत गेली आणि त्यात फीड सोडलं तर जिवावर बेतू शकतं. एक्स-रेत दिसणारं औषध नळीतून घालून, एक्स-रे काढून, परत घातलेली नळी आतड्यातच आहे हे पाहिल्याशिवाय फीड सुरू करायचं नाही.

माळरान

डॉक्टर, तुमचा शेवटचा परिच्छेद प्रत्येक कॅज्युअल्टीत लावायला हवा.

माझ्या धाकट्या बहिणीने बाथरूम साफ करायचं ॲसिड पाणी समजून प्यायलं. थंड पेयाच्या बाटलीत काढून ठेवलेलं होतं. अन्ननलिका आणि जठर दोन्ही भाजलं, एफजे केली. काही आठवड्यांनी झोपेत कूस बदलताना नळी निघाली. जवळच्या एका छोट्या रुग्णालयात रात्रीच्या माणसाने त्याच छिद्रातून दुसरी नळी सरकवली, थोडं पाणी ढकललं, "जातंय की" म्हणाला आणि फीड चालू करायला सांगितलं. एक्स-रे नाही, काही नाही. दीड तासात ती पोट धरून ओरडायला लागली. मी फीड तोडलं आणि गाडी काढून मोठ्या दवाखान्यात नेलं. पुन्हा पोट उघडावं लागलं. वाचली, पण त्या माणसाने पाच मिनिटं विचार केला असता तर हे टळलं असतं. राग अजून जात नाही.

आता आमच्याकडे नळी कातडीपाशी जिथे बाहेर येते तिथे पक्क्या मार्करने खूण आहे. रोज सकाळी खूण जागेवर आहे का बघायचं, नसेल तर फीड लावायचं नाही. टाका सुटला तरी त्याच दिवशी दाखवायचं. मोठी अन्ननलिकेची शस्त्रक्रिया काही महिने थांबून करू म्हणाले आहेत, भाजलेलं आधी स्थिरावू दे म्हणून. तोवर ती याच नळीवर आहे आणि बारावीचा अभ्यास करते आहे.

आणि ॲसिड, फिनेल, कपड्यांचं ब्लीच पेयाच्या बाटलीत ठेवू नका हो.

शल्यक

माळरान, तुम्ही फीड तोडून लगेच निघालात तेच तिला वाचवणारं ठरलं. पोट फुगणं, जोराच्या कळा, हिरवी उलटी, वायू आणि शौच बंद, ताप, नाडी जलद: यातलं काहीही दिसलं तर फीड बंद आणि रुग्णालय. नळी जागेवर असली तरी. क्वचित टाचलेल्या जागेभोवती आतड्याला पीळ पडतो, तेव्हा तासातासाला किंमत असते.

एक राहिलं. आपल्याकडे एफजेसाठी कधी कधी फोली कॅथेटर वापरतात, तोच जो लघवीला लावतात. त्याला दोन तोंडं असतात. एकातून फीड जातं, दुसरं आतला फुगा फुगवायचं. त्या दुसऱ्या तोंडातून घरच्यांनी पाणी घातलं तर फुगा आतड्यात फुगून वाट बंद होते. त्याला चिकटपट्टी गुंडाळून वर 'हात लावू नये' लिहून ठेवा.

सुगंधा_ना

मी सासूबाईंचं दीड वर्ष केलं. आमचं सगळं घरचं होतं, नाचणीचं सत्त्व, वरणाचं पाणी, तांदळाची पेज, ताक. पावडरींचा खर्च झेपण्यासारखा नाही आणि घरच्या अन्नात जे आहे ते डब्यात कुठून येणार?

तिखटमीठ

सुगंधाताई, दीड वर्ष सांभाळलंत त्याला मनापासून नमस्कार. पण आहारतज्ज्ञ म्हणून एका गोष्टीवर स्पष्ट बोलते, कारण यात माणसं खंगतात.

५० किलोच्या माणसाला दिवसाला साधारण १२५० ते १५०० कॅलरी लागतात आणि आजारपणात ६० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. वरणाच्या वरच्या पाण्यात प्रथिन जवळजवळ नसतंच, ते खाली डाळीत राहतं. पेजेत पिष्ट असतं. दुधात १०० मिलीला जेमतेम ३ ग्रॅम प्रथिन, म्हणजे नुसत्या दुधावर ६० ग्रॅम करायचे तर २ लिटर दूध. तेवढं दूध आतड्याला मानवतंच असं नाही. आणि नळीतून जावं म्हणून आपण ते आणखी पातळ करतो. बाटल्या दिवसभर चालू दिसतात, घरच्यांना वाटतं पोटभर जातंय, आणि माणूस मात्र उपाशी.

जठरातल्या नळीला घरचं वाटून गाळलेलं अन्न तसं चालून जातं. जेजुनमला तयार फीड जास्त मानवतं. ते बहुधा १ मिलीला १ कॅलरी असतं, गुठळी होत नाही, जंतूंची भीती कमी. ते परवडत नसेल तर मधली वाट काढतो: दुधात साय काढलेल्या दुधाची पावडर, शिजवून गाळलेलं नाचणी किंवा तांदळाचं सत्त्व, थोडं तेल, साखर बेताची, मीठ. सगळं मोजून, पातळ सुती कापडातून दोनदा गाळून. साखर जास्त झाली की जुलाब. ताकाने नळी तुंबते, मी देत नाही. प्रमाण मी इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण मधुमेह, मूत्रपिंड आणि वजन यावर ते बदलतं. तुमच्या आहारतज्ज्ञांकडून ग्रॅम आणि मिलीमध्ये लिहून घ्या, 'वाटीभर' नको.

पाण्याचंही मोजा. फ्लशचं धरून किलोमागे ३० मिलीच्या आसपास, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर. लघवी गडद दिसली की पाणी कमी पडतंय. आणि आठवड्यातून एकदा वजन, त्याच काट्यावर.

शल्यक

याला जोडून: फार दिवस जवळजवळ उपाशी असलेल्या माणसाला पहिल्या दिवसापासून भरपूर फीड देऊ नका. रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपकन उतरतं, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून आम्ही आधी जीवनसत्त्व बी१ देतो, रक्त तपासतो आणि काही दिवसांत फीड वाढवत नेतो. "अजून एवढंच का देताय" म्हणून रागावू नका. आणि जठर पूर्ण काढलं असेल तर बी१२ वेगळं द्यावं लागतं, बहुधा इंजेक्शनने, फीड कितीही उत्तम असलं तरी.

सुगंधा_ना

तिखटमीठ, हे कुणीतरी तेव्हा सांगायला हवं होतं. सासूबाईंचं वजन कमीच होत गेलं होतं आणि आम्ही आजाराला दोष देत होतो. पत्ता विचारून आहारतज्ज्ञांकडे जाणं सोपं नसतं पण जायला हवं हे पटलं.

पैलतीर

मी लीड्सला असते. इथे नवऱ्याला एफजे आहे. इथल्या सरकारी आरोग्यसेवेतून पंप आणि फीड घरपोच येतं, नर्स सगळं शिकवून जाते. रात्रभर पंपावर फीड चालतं आणि दिवसा तो मोकळा, कामावर जातो. भारतातही पंप भाड्याने मिळतो का? दिवसभर स्टँडला बांधलेलं राहणं हाच माणसाला सगळ्यात मोठा जाच असतो.

कृष्णाकाठ

पैलतीर, शहरात वैद्यकीय साहित्य भाड्याने देणाऱ्यांकडे विचारता येईल, आमच्या तालुक्याला नाही. आम्ही स्टँडच्या खाली चाकं लावून घेतली, बाबा अंगणात फिरतात. सर्जनच्या परवानगीने संध्याकाळी दोन तास फीड बंद असतं, तेव्हा ते पारावर जाऊन बसतात.

एक विचारायचं होतं. जेवणाच्या वेळेचं काय करता? आईने महिनाभर स्वयंपाकघराचं दार लावून फोडणी दिली, आणि आम्ही मागच्या पडवीत घाईघाईने जेवायचो.

माळरान

आम्हीही आधी लपूनच जेवायचो. मग बहीणच म्हणाली, मी काय परकी आहे का. आता ती ताटावर बसते, गप्पा मारते. कधी उठून जाते, तेव्हा कुणी काही बोलत नाही. तिलाच विचारा हे बरं, आपण ठरवू नये.

अबोली२२

हो, आणि तोंडाने काही घेत नसले तरी दिवसातून दोनदा दात घासणं, गुळण्या आणि ओठांना तूप किंवा व्हॅसलीन. तोंड कोरडं पडून फोड आले की माणूस आणखी खचतो.

एक गैरसमज दूर करते: एफजे आहे म्हणजे तोंड कायमचं बंद असं नाही. गिळायला अडचण नसेल आणि सर्जनने हो म्हटलं असेल तर चहाचा घोट, सूप चालतं. पण ते त्यांनीच सांगायचं. अन्ननलिकेतून खाली उतरत नसेल तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

रानवाटा

आम्ही पुढच्या आठवड्यात परळला दाखवायला निघतोय, लातूरहून. रात्रीचा रेल्वेप्रवास. नळीचं काय करू? आणि खर्चाचं, राहण्याचं कुणाला माहीत आहे का?

अबोली२२

प्रवासात फीड बंद ठेवलं तरी चालतं, पण चार तासांनी फ्लश सोडू नका. मधुमेहाचं इंजेक्शन असेल तर फीड बंद असताना साखर उतरते, डोस आधी विचारून घ्या. खालचा बर्थ. नळीचं तोंड बंद करून गुंडाळून पोटाला दोन जागी चिकटवा आणि वरून सैल सुती पट्टा. बॅगेत ५० मिलीची सिरिंज, उकळलेलं पाणी, गॉज, चिकटपट्टी, डिस्चार्ज कार्ड. नळी कोणती आणि किती नंबरची ते कार्डावर असतं, वाटेत निघाली तर तेच लागतं.

माळरान

राहायला दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, बाहेरगावच्या कॅन्सर रुग्णांसाठी. जागा असेल तर मिळते, रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाकडून चिठ्ठी मागा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशन कार्ड आणि आधारच्या मूळ प्रती न्या.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. झिंकच्या मलमाने कातडी बरी झाली. बाबांची मोठी शस्त्रक्रियाही झाली. तेव्हा हीच नळी कामाला आली, दुसऱ्या दिवसापासून तिच्यातूनच फीड सुरू केलं. आता ते तोंडाने मऊ भात, पातळ खिमटी घेतात, थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा. नळी अजून आहे, रात्रीचं फीड तिच्यातून. वजन टिकलं की काढू म्हणाले. काढायला ऑपरेशन लागतं का, कुणी सांगेल?

शल्यक

नाही. ओपीडीत टाका कापून नळी ओढून घेतात, भूल लागत नाही, क्षणभर ओढल्यासारखं वाटतं. छिद्र बहुधा काही दिवसांत आपोआप बुजतं, तोवर थोडं पाझरेल, गॉज ठेवा. दोन आठवड्यांनंतरही पाझरत राहिलं तर दाखवा. नळी काढायच्या आधी काही दिवस फीड बंद ठेवून नुसता फ्लश चालू ठेवा, आणि त्या दिवसांत फक्त तोंडाने खाऊन वजन टिकतंय का ते पाहा. वजन उतरलं तर नळी अजून थोडे दिवस राहू दे.